येते म्हणून गेलेली कासारीण

घाटाखालच्या एका गावात एक कासारीण राहत होती, आणि त्याच घाटात, वाटेच्या कडेला, एक कातळमाणूस राहत होता. ती बोलण्यावर पोट भरणारी, तो वर्षाकाठी मोजके शब्द बोलणारा. दोघांची गाठ पडावी असं काही कारण नव्हतं. पण वाट एकच होती.

कासारणीचं लग्नाचं वय होतं तेव्हा घरात आजारपण होतं. आजारपण सरलं तेव्हा आई-वडीलही गेले होते आणि वयही. मागे राहिली एक आत्या. ती पूर्वी बांगड्या भरत हिंडायची, आता गुडघ्यांनी घरी बसली होती. पेटी भाचीच्या डोक्यावर आली. दर बाजाराच्या दिवशी ती घाट चढून वरच्या गावांना जायची आणि उन्हं कलायच्या आत उतरायची.

बांगड्या भरणं हे हाताचं काम, असं लोकांना वाटतं. खरं तर ते निम्मं तोंडाचं काम आहे. समोरची बाई बोलण्यात रमली की तिचा हात सैल पडतो, अंगठा आपोआप तळहातात वळतो आणि बांगडी कधी मनगटात उतरली ते तिला कळतही नाही. म्हणून कासारीण सतत बोलायची. माणसांशी बोलायची, बैलांशी बोलायची, वाटेतल्या काटेरी झुडपालाही म्हणायची, "बाई गं, पदर सोड."

एका श्रावणात ती घाट चढत होती. वळणावर एक मोठा काळा कातळ वाटेत निम्मा आडवा आलेला. डोक्यावरची पेटी सांभाळत ती सवयीने म्हणाली, "अहो, जरा सरकता का? पेटी अडतेय."

कातळ सरकला.

"सरकलो," तो म्हणाला. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा.

कासारणीने पेटी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. "अहो, तुम्ही बोलता?"

"विचारलं तर."

"नाव काय तुमचं?"

कातळमाणूस विचारात पडला. आजवर त्याला कुणी हाकच मारली नव्हती. "अहो," तो म्हणाला.

"अहो काय?"

"तू दोनदा तेच म्हणालीस. तेच असेल."

कासारीण इतकी हसली की पेटीतल्या बांगड्या किणकिणल्या. "बरं, अहो तर अहो," ती म्हणाली, आणि भीती तिथेच संपली.

त्या दिवसापासून घाटाच्या वळणावर तिचा मुक्काम ठरला. ती त्याच्या शेजारी बसून भाकरी खायची आणि बोलायची. वरच्या गावात कुणाकडे बारसं आहे, कुणाच्या सुनेचा हात लोण्यासारखा मऊ आहे, कुठली म्हातारी दर वेळी हिरव्या बांगड्या मागते आणि दर वेळी निळ्या घेते. तो ऐकायचा. गावातल्या बायाही तिचं ऐकायच्या, पण बांगड्या भरून होईपर्यंत. शेवटची बांगडी चढली की गोष्ट अर्धी राहिली तरी त्या उठायच्या. हा उठत नसे. पुढच्या बाजाराला ती आली की तो विचारायचा, "त्या मुलीचा अंगठा सुजला होता. उतरला?" तिला स्वतःलाच आठवावं लागायचं, कुठली मुलगी.

कातळमाणसांची रीत तिला हळूहळू समजली. डोंगरात ज्याला त्याला 'तू'च म्हणत, मानाचं 'तुम्ही' तिथवर पोचलंच नव्हतं. आणि बोललेला शब्द खरा ठरला नाही, तर बोलणाऱ्याच्या अंगाला तडा जायचा. म्हणून ती माणसं आधी शब्द आतल्या आत तपासून घेत आणि मगच तोंड उघडत. बहुतेक वेळा उघडतच नसत.

"तुम्हाला गेलाय कधी तडा?" तिने विचारलं.

त्याने खांदा वळवून दाखवला. एक बारीक रेघ होती, तिच्यात शेवाळ उगवलं होतं. "इथे एक झरा होता. आटत चालला होता. मी त्याला म्हणालो, तू आटणार नाहीस."

"आणि आटला?"

"आटला."

"दुखतं?"

"थंडी शिरते."

कासारणीने त्या रेघेवर तळहात ठेवला. काही बोलली नाही. ती काही बोलली नाही असं फार क्वचित व्हायचं.

त्याला मात्र तिच्या बोलण्याची रीत कळता कळेना. एकदा पेटी ठेवताना एक बांगडी पिचली. ती हळहळली, "अगं बाई, वाढली." कातळमाणूस त्या तुकड्यांकडे टक लावून बसला. भाकरी खाऊन झाली, पाणी पिऊन झालं, तरी त्याची नजर तिथेच.

"काय बघताय हो?"

"अजून वाढली नाही."

"वाढली म्हणजे फुटली," ती हसत म्हणाली. "बांगडी फुटली म्हणू नये. आमच्याकडे मीठ संपलं तरी वाढलं म्हणतात, कुंकू संपलं तरी वाढलं म्हणतात, दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणतात."

तो म्हणाला, "तुमच्याकडे सगळं वाढतं. मग तुला घाट का चढावा लागतो?"

"अहो, वाईट गोष्टीचं नाव घेतलं की ती ऐकते आणि दारात येऊन बसते. म्हणून तिला फसवायचं."

"फसते?"

कासारणीने पिचलेले तुकडे फडक्यात गोळा केले. "नाही," ती म्हणाली. "पण आपल्याला बरं वाटतं."

निघायची वेळ झाली की ती म्हणायची, "येते हं." पहिल्या वेळी तो म्हणाला, "जा." तिचा चेहरा उतरला.

"जा म्हणू नये निघणाऱ्याला. ये म्हणावं."

तो शब्द खरा आहे का, ते कातळमाणसाने आत तपासून पाहिलं. मग म्हणाला, "ये."

कासारणीने आयुष्यभर हा शब्द ऐकला होता. दारोदारच्या उंबऱ्यांवर, आत वळलेल्या पाठींकडून, अर्ध्या मिटल्या दाराआडून. तिने यावं असं वाटून तो कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. सगळा घाट उतरेपर्यंत तिने पेटी डोक्यावर सारखी केली नाही. ती कलली होती हे तिला घरी आल्यावर आत्याने सांगितलं.

इकडे कातळमाणसाने तिच्या 'येते'चा जो अर्थ होता तोच घेतला. येते म्हणाली म्हणजे ती येणार. आणि पुढच्या बाजाराला ती येतच असे. त्याच्या लेखी तिच्याइतकं खरं बोलणारं माणूस दुसरं नव्हतं. निरोप घेताना गावातलं प्रत्येक माणूस येतो-येते म्हणतं, ही गोष्ट तिला इतकी ठाऊक होती की त्याला सांगावी असं कधी तिच्या मनातच आलं नाही.

थंडी सरत आली तेव्हा तो म्हणाला, "होळीनंतर डोंगराचं दार मिटतं. आम्ही आत जाऊन झोपतो. पावसाने दार उघडतं."

"आणि बाहेर राहिलं तर?"

"ऊन अंगात शिरतं. पायापासून वर नुसता दगड होत जातो. डोक्यापर्यंत आलं की संपलं." मग त्याने थोडा विचार केला आणि तिच्या भाषेत सांगून पाहिलं, "वाढलं."

ती हसली, पण त्या दिवशी तिने त्याचा हात धरला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

आता घाटात हाक मारली की ती खाली शिवारापर्यंत ऐकू येते. तण काढणाऱ्या बायांनी ती ऐकली. कासारीण वर चढता चढता हाका मारतेय, "अहो. अहो, ऐकलं का?" बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिच्याभोवती कोंडाळं झालं.

"काय गं, तुझे अहो जेवले का?"

"जेवतील कशाला, त्यांना खडी लागते."

"नाव घे ना कासारणी. डोंगराच्या कुशीत..."

कासारणीलाही हसू आलं, पण घरी पोचेपर्यंत ते आंबट झालं. घरात आत्या वाट बघत होती. तिच्याही कानावर आलं होतं.

"लग्नाआधीच अहो? आणि तेही धोंड्याला? लोकांच्या मुली पदरात धोंडा पडला म्हणून रडतात, आणि तू डोंगरात जाऊन शोधून काढलास?"

"आत्या, तसं काही नाही."

"तसं नाही तर उत्तमच. पेठेतल्या बांगड्यांच्या व्यापाऱ्याकडून विचारणं आलंय. बायको जाऊन वर्ष झालं. माणूस हसतमुख आहे, घरात तिन्हीत्रिकाळ चूल पेटते. मी हो म्हणून कळवते."

कासारीण नाही म्हणाली नाही. त्या गावात नाही कुणी म्हणतच नसे. 'बघू' म्हणत. ती म्हणाली, "बघू." आत्याने तो हो धरला.

पुढचे काही दिवस ती स्वतःला समजावत राहिली. आत्याचं काय चुकलं? दगडाबरोबर कसला संसार? ना तो घरात मावायचा, ना आपण डोंगरात. लोक जन्मभर हसतील. त्याला एकदा नीट सांगावं आणि मोकळं व्हावं.

होळी झाल्यावर ती सांगायला म्हणून घाट चढली. सांगायचं सोडून बाकी सगळं बोलली. पळस फुलल्याचं बोलली, नव्या लाखेच्या बांगड्यांचं बोलली. भाकरीचं फडकं सोडलंच नाही. शेवटी म्हणाली, "ऊन तापायला लागलंय. तुम्ही आत कधी जाणार?"

"दार मिटायच्या आधी."

"बरं."

ती उठली. आता तरी सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि जिभेला जी वाट ठाऊक होती त्या वाटेने शब्द बाहेर आला. "येते हं."

"ये," तो म्हणाला.

घाट उतरताना तिने मनाची समजूत घातली. तो आत जाईल, झोपेल, जागा होईल तेव्हा विसरला असेल. आपण काही वाईट बोललो नाही, कुणाला दुखावलं नाही. झालं ते बरंच झालं.

चैत्र सरत आला. लग्न चार दिवसांवर आलं आणि आत्याच्या ओसरीवर चुड्याचा बेत ठरला. कासारीण झाली तरी स्वतःचा हिरवा चुडा स्वतः भरत नाही, म्हणून शेजारगावची एक म्हातारी कासारीण बोलावली होती. बाया जमल्या होत्या. घाटावरून पाण्यासाठी खाली आलेली एक धनगरीण, पेटी उघडलेली पाहून, आपल्याही दोन भरून घ्याव्यात म्हणून कोपऱ्यात टेकली होती.

म्हाताऱ्या कासारणीने नवरीचा हात हाती घेतला, दाबला, पुन्हा दाबला. "हात सोड गं सैल. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलंस, आणि आता स्वतःला कळेना?"

कासारीण सैल सोडायला बघत होती. हात ऐकत नव्हता.

तिला बोलण्यात रमवावं म्हणून म्हातारी धनगरणीकडे वळली. "काय गं, वर कसं काय? गवत आहे का?"

"कुठलं गवत, मावशे. ऊन नुसतं भाजतंय. दगडंसुद्धा आत गेली सगळी. एकच राहिलाय, त्या वळणावरचा."

"तो का राहिला?"

"आमच्या धन्यांनी विचारलं त्याला. बाबा, दार मिटलं, तू का नाही गेलास? तर म्हणतो, ती येते म्हणाली. कोण ती, ते काही सांगंना. त्याचे सोबती दारातून बोलावत होते म्हणं. त्यांनाही तेच बोलला, ती येणार आहे. मग ते गप आत गेले. त्यांच्यात शब्दावर वाद नसतो." धनगरणीने निःश्वास टाकला. "छातीपर्यंत दगड झालाय. तोंड मात्र तुमच्या गावाकडं. धनी म्हणाले, वाट बघावी माणसानं, पण इतकी बघू नये."

बायांतली एक हसली. बाकीच्या हसल्या नाहीत.

कासारणीने हात काढून घेतला. चढलेली एकुलती एक बांगडी म्हातारीच्या बोटांत राहिली.

"काय झालं?" आत्याने विचारलं, पण तिला कळलं होतं. "अगं, येते म्हणजे जातेच म्हणतो ना आपण? शेंबड्या पोराला कळतं ते."

"त्यांना कुणी सांगितलंय, आत्या? मी नाही सांगितलं."

"उद्या व्यापाऱ्याची माणसं येतायत."

"त्यांना सांग, मला हे लग्न करायचं नाही."

ओसरीवरच्या माना एकदम वळल्या. नकार असा उघडा, कपड्याविना, त्या गावात कुणी पाहिलाच नव्हता. आत्याही क्षणभर बघत राहिली. तोवर कासारीण उंबऱ्यात पोचली होती.

"जाते, आत्या," ती म्हणाली.

आत्याने तोंडावर हात ठेवला. "उंबऱ्यात असं बोलू नये गं. येते म्हण."

"कधी येईन ठाऊक नाही. येते कशी म्हणू?"

आणि ती गेली.

भर उन्हात तिने घाट चढला. वळणावर तो उभा होता. पाय, मांड्या, पोट सगळं पांढुरकं आणि निर्जीव झालं होतं. कडेला पडलेल्या कुठल्याही धोंड्यासारखं. दोन्ही हात छातीशी आखडून तिथेच गोठले होते. डोळे तेवढे ओळखीचे होते.

"आलीस," तो म्हणाला. आवाज फार लांबून आला.

"आले."

"बरं झालं. तू येणार असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. तू आली नसतीस तर माझा शब्द खोटा पडला असता."

म्हणजे ऊन डोक्यापर्यंत पोचायच्या आधीच तो मधोमध दुभंगला असता. तिच्या एका सवयीच्या शब्दापायी. कासारणीने पदर खोचला. रडून काही होणार नव्हतं. दार मिटलेलं, ऊन तापलेलं. तिला आयुष्यात एकच काम येत होतं, आणि समोर एक आखडलेला हात होता. तिने तो हातात घेतला.

करंगळीपासून सुरुवात केली. पेर दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. बायांना म्हणायची तसंच ती म्हणाली, "काही होणार नाही हं. आत्ता मोकळं होईल सगळं."

करंगळी आणखी आवळली.

ती थबकली. मग तिला आठवलं. कासारीण लहान मुलीला म्हणते, 'दुखणार नाही गं,' तेव्हा मुलगी हाताची मूठ वळते. हात कानांपेक्षा शहाणा असतो. मुलीला खरं सांगावं लागतं, 'दुखेल, जरा सोस,' तेव्हा कुठे बोटं सुटतात. माणसांच्या मुलींचं असं, मग हा तर कातळमाणूस.

"होईल का ते ठाऊक नाही मला," ती म्हणाली. "मी असं कधी केलेलं नाही. मला भीती वाटतेय."

करंगळी सुटली.

मग ती खरं तेवढंच बोलत राहिली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कठीण होतं. मध्येच सवय डोकं वर काढायची. तो म्हणाला, "तुझे हात दुखत असतील," आणि ती म्हणाली, "छे, कुठे?" की सुटलेलं बोट पुन्हा कडक. "दुखतात," तिला म्हणावं लागलं. "फार दुखतात. थांबणार नाही तरी." बोटं सुटली, तळहात सुटला, मनगट सुटलं. उन्हं कलली तसा तिच्या हातांनी कोपर गाठला. तिथे काम अडलं. कितीही दाबलं तरी पुढे सरकेना.

का अडलं ते तिला ठाऊक होतं. एक गोष्ट सांगायची राहिली होती. न सांगता चाललं असतं. ती आली होती, शब्द पुरा झाला होता, त्याने काही विचारलंही नव्हतं. सांगितल्यावर हा हात तिच्या हातातून काढून घेतला जाईल, असं तिला वाटत होतं. आणि तो हात तिला सोडायचा नव्हता, हे त्याच क्षणी तिला पहिल्यांदा नीट कळलं.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी येते म्हणाले ना, तेव्हा मी येणार नव्हते."

कोपर तसाच अडलेला.

"आमच्यात जाताना येतेच म्हणतात. पण मी ते रीत म्हणून बोलले नाही. जाते म्हणायची हिंमत नव्हती म्हणून बोलले. माझं लग्न ठरलं होतं. गाव हसत होतं. मला तुमची लाज नव्हती वाटत, हसणाऱ्यांची भीती वाटत होती. तुम्ही आत जाऊन झोपाल आणि विसराल, असं मी धरून चालले. तुम्हाला विचारलं नाही."

वरून एक घार गेली. तिची सावली दोघांवरून सरकली. कासारीण मान खाली घालून बसली, हात सुटायची वाट बघत.

"मग आलीस कशी?" तो म्हणाला.

"तुम्ही थांबलात हे कळलं म्हणून."

"नुसतं म्हणून?"

तिने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. तिच्या गावच्या बायका हे बोलत नसत. 'जेवलात का' एवढंच विचारत, आणि त्यात सगळं आलं असं समजत. "नाही," ती म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात म्हणून."

त्याने शब्द तपासायला वेळ घेतला नाही. "मलाही," तो म्हणाला. खांद्यापर्यंतचा हात एकदम सुटला, आणि त्याच्या वजनाने ती जवळजवळ पालथी पडली.

पुढचे कित्येक दिवस ती तिथेच राहिली; दिवसा ऊन जेवढं पुन्हा शिरे तेवढं तिचे हात संध्याकाळी काढून टाकत. धनगरणीने तिला पाणी आणि ताक पुरवलं, आणि 'तीच का ही' असं एकदाही विचारलं नाही. छाती सुटली, कंबर सुटली, मांड्या सुटल्या. गुडघ्यांखाली मात्र ऊन फार दिवस शिरून बसलं होतं. तिने हातांना फोड येईतो प्रयत्न केला, खरं होतं नव्हतं ते सगळं सांगून झालं. पाय दगडच राहिले.

"आता तुम्हाला चालता येणार नाही," ती म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही. "माझ्यामुळे."

"हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "ये. बस जवळ."

तिने त्याच्या शेजारी कारवीच्या काठ्यांची खोपी उभारली. पेटी तिथेच मांडली. आता ती घाट चढून गावांत जात नसे, घाटाच्या दोन्ही अंगांच्या बाया तिच्याकडे येत. आधी बघायला आल्या, मग बांगड्या भरायला. पावसाने डोंगराचं दार उघडलं तेव्हा कातळमाणसं बाहेर आली. त्यांनी त्याचे पाय पाहिले, तिला पाहिलं, आणि "आली" एवढंच म्हणून आपापल्या जागी जाऊन बसली.

गौरी-गणपती झाल्यावर एके दिवशी आत्या घाट चढून आली. गुडघ्यांना शिव्या देत, काठी टेकत, काखेत भाकरीचं गाठोडं घेऊन. रागाला येऊन पोचायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला असावा, कारण चेहऱ्यावर तो फारसा उरला नव्हता.

"हा तो?"

"हेच ते," कासारीण म्हणाली.

"तू आत्या," कातळमाणूस म्हणाला.

"मला अरेतुरे करतो हा."

"त्यांच्यात सगळ्यांना तूच म्हणतात, आत्या. देवालासुद्धा."

"देवाला आपणही तूच म्हणतो," आत्या म्हणाली, आणि जरा नरमली. मग काठीवर दोन्ही हात ठेवून तिने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "हे बघ, मी हिची आईही आणि बापही. सरळ विचारते. माझ्या पोरीला सुखात ठेवशील?"

कातळमाणूस आत शब्द तपासू लागला. भाची काही मदतीला आली नाही. ती बांगड्यांच्या लडी सारख्या करत राहिली.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "मला चालता येत नाही. पाणी तिलाच आणावं लागतं. पावसात खोपी गळते. मी वर हात धरतो, तरी गळते."

"मग तुझ्याकडून मिळणार काय तिला?"

"सावली. आणि ती बोलेल ते सगळं मी ऐकेन. मध्ये उठणार नाही."

"उठशील कसा," आत्या म्हणाली. "तो व्यापारी म्हणाला होता, राणीसारखी ठेवीन."

"ठेवली असती?" कातळमाणसाने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आत्या दरीकडे बघत राहिली. "आमचे हेही मला तसंच म्हणाले होते. राणीसारखी."

"मग?"

"मग काय. राणी कशी राहते ते मी तरी कुठे पाहिलं होतं." तिने काठी कडेला ठेवली आणि हुश्श करून खाली बसली, त्याच्या शेजारी जमिनीवर. गाठोडं सोडलं, भाचीच्या हातावर भाकरी ठेवली, एक स्वतः घेतली. "हा खात नाही ना काही?"

"नाही."

"चला, तेवढं एक बरं आहे."

मग ती बोलायला लागली. गावात कुणाकडे काय झालं, पाणवठ्यावरची कुठली बाई आता काय म्हणते, व्यापाऱ्याच्या माणसांना तिने कसं परतवलं. बोलता बोलता सूर्य कलला. ऊन सरकत सरकत तिच्या पायांपाशी आलं, आणि तिथेच थबकलं. आत्याने नजर वर केली. कातळमाणूस कंबरेतून वाकला होता, हळूहळू, बोलण्यात खंड पडू नये अशा बेताने, आणि त्याची सावली तिच्या अंगावर होती.

आत्याने डोळ्यांवरून पदर फिरवला. "हं," ती म्हणाली, "तर मी कुठे होते?"

"व्यापाऱ्याची माणसं दारात उभी होती," कातळमाणूस म्हणाला. "पुढे सांग."

तात्पर्य एवढंच की, ज्याच्यावर जीव जडतो त्याची भाषा आपल्यासारखी नसली, तर आपला रोजचा हलका शब्द त्याच्या कानाने एकदा ऐकून पाहावा. आपल्या तोंडून तो सहज सुटतो, पण त्याला तो आयुष्यभर उचलून धरावा लागतो.